पाण्याला कोण चालतं?

पहिली चाचणी झाली की अकरावीच्या मुलांना मिसळ खायला न्यायचं, हा आमच्या क्लासचा जुना रिवाज. ठाण्यात मिसळ म्हटल्यावर कुठे जायचं हे ठाणेकराला सांगावं लागत नाही. यंदा एकीने "मला तिखट चालतं" म्हणत जास्तीची तर्री मागून घेतली आणि तिसऱ्या घासाला तिचे कान लाल झाले. एक ग्लास पाणी, दुसरा ग्लास पाणी, आग तशीच. शेजारच्याने स्वतःचं ताक तिच्यापुढे सरकवलं, तेव्हा कुठे तिला बोलता आलं.

गंमत म्हणजे आदल्याच दिवशी तिच्या पेपरातल्या एका उत्तराला मी पूर्ण गुण दिले होते: "समान समानात विरघळते." पाठ होतं, पण जिभेवर बेतल्यावर कामाला आलं नाही. यात चूक तिची निम्मी, उरलेली माझी. समान म्हणजे नेमकं कशात समान, हे आम्ही शिकवणारे उरकून टाकतो. फळ्यावर एक तक्ता, डावीकडे ध्रुवीय (ज्या रेणूचं एक टोक थोडं ऋण, दुसरं थोडं धन), उजवीकडे अध्रुवीय, चला पुढचा धडा.

मग तो धडा टेबलावरच पुन्हा काढला. पाण्याच्या ग्लासात चमच्याने तर्रीचे दोन थेंब सोडले. लाल चकत्या वर तरंगत राहिल्या, खालचं पाणी होतं तसंच. मिरचीचा लाल रंग मुख्यतः कॅप्सॅन्थिनचा. त्याच्या रेणूत कार्बन ४० आणि ऑक्सिजन फक्त ३. तिखटपणा कॅप्सेसिनचा, तिथे १८ कार्बनमागे ३ ऑक्सिजन आणि १ नायट्रोजन. कार्बनच्या मानाने ऑक्सिजन कमी, म्हणून दोघांचाही मुक्काम तेलात. पाण्याने ते जिभेवरून निघत नाहीत, फार तर तोंडभर पसरतात. ताकातल्या केसीन या प्रथिनाचे काही भाग तेलकट पदार्थाला धरतात, काही पाण्यात रमतात. कॅप्सेसिन त्याला चिकटून पोटात जातं. साबण तेलकट ताटाशी साधारण हेच करतो.

"म्हणजे तेलाला पाणी आवडत नाही," एक जण म्हणाला. हे वाक्य मला नेहमी खटकतं. तेलाचं पाण्याशी वैर नाही, दोघांत थोडं आकर्षणसुद्धा असतं. सकाळच्या लोकलमधला रोजचा ग्रुप आठवा, एकमेकांसाठी जागा धरणारा. नवख्या माणसाशी त्यांचं भांडण नसतं. ते आपसातच इतके गुंतलेले असतात की मध्ये शिरायला फट मिळत नाही. पाण्याचे रेणू तसे.

हा गुंता कुठून येतो? रसायनशास्त्रज्ञ लायनस पाउलिंग यांनी १९३२ मध्ये विद्युतऋणतेची, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन अणू आपल्याकडे किती ओढतो याची, मोजपट्टी मांडली. तिच्यावर आज हायड्रोजन २.२० वर आहे, कार्बन २.५५ वर आणि ऑक्सिजन ३.४४ वर. कार्बन-हायड्रोजन बंधात फरक जेमतेम, त्यामुळे इलेक्ट्रॉनची जोडी जवळपास मधोमध राहते. तेलाच्या लांबलचक शेपट्या अशा बंधांनीच भरलेल्या. ऑक्सिजन-हायड्रोजन बंधात मात्र ओढ एकतर्फी. ऑक्सिजनकडे थोडा ऋणप्रभार, हायड्रोजनकडे थोडा धनप्रभार, आणि मग एका रेणूचा हायड्रोजन शेजाऱ्याच्या ऑक्सिजनला धरून बसतो.

मुलं हमखास अडकतात ती कार्बन डायऑक्साइडपाशी. बंध दोन्ही ध्रुवीय, मग रेणू अध्रुवीय कसा? कावड घेतलेला माणूस डोळ्यांपुढे आणा. दोन्ही टोकांना सारख्या घागरी, ओढ दोन्हीकडे, पण माणूस कुठेच कलत नाही. कार्बन डायऑक्साइडचा रेणू असा सरळ रेषेत असतो, दोन्ही ऑक्सिजनच्या ओढीची फिटंफाट होते. पाण्याचा रेणू १०४.५ अंशांत वाकलेला, तिथे हिशोब फिटत नाही. तो सरळ असता तर बंध तेच असूनही त्याचा ध्रुवीयपणा शून्यावर आला असता. नुसते बंध बघून उत्तर लिहायचं नाही, आधी रेणूचा आकार काढायचा.

"पण सर, ओएच दिसला की पाण्यात विरघळणार ना?" हा पुढचा प्रश्न, तोही दरवर्षीचा. ओएच म्हणजे रेणूला लटकलेली ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. याचं उत्तर घरच्या ओट्यावर मिळतं. दोन वाट्यांत पाणी घ्या. एकीत चिमूटभर हळद, दुसरीत दोन आमसुलं. आमसुलाचं पाणी लाल आणि आरपार दिसणारं होतं. हळदीचंही पिवळं दिसतं, पण ते गढूळ असतं, आणि जरा ठेवलं की हळद तळाला बसते. तीच हळद फोडणीत टाकली की तेल पिवळंधमक. हळदीतल्या कुर्क्युमिनमध्ये २१ कार्बन आणि ६ ऑक्सिजन. आमसुलातल्या लाल रंगद्रव्यांपैकी एक म्हणजे सायनिडिनला ग्लुकोज जोडून झालेलं ग्लुकोसाइड. त्यातही बरोबर २१ कार्बन, पण ऑक्सिजन ११! जोडलेल्या ग्लुकोजमुळे ओएचचा अख्खा घोसच लटकलेला, शिवाय आमसुलाच्या आंबटपणात रेणूवर धनप्रभार. कुर्क्युमिनकडे ओएच आहेत, पण मोजके, आणि त्यांतला एक हायड्रोजन तर रेणूच्या आतच दोन ऑक्सिजनच्या मध्ये अडकलेला. पाण्याला धरायला हात पुरत नाहीत. तेव्हा ओएच आहे की नाही यापेक्षा एवढ्या मोठ्या अंगाला किती ओएच, हे विचारायला हवं.

मिठाचा विषय काढला तो एका आगरी मुलाने. त्याच्या आजोबांची उमेद मिठागरात गेली. मिठात तर पूर्ण प्रभार, मग आयन (प्रभार असलेले अणू किंवा अणूंचे गट) असलेलं सगळंच विरघळायला हवं, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, आजोबांनाच विचार, खाडीचं पाणी आटताना सगळं एकदम बसतं का? समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी आटत जातं तसं आधी कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं, मग जिप्सम (कॅल्शियम सल्फेट), आणि पाणी साधारण दहाव्या हिश्श्यावर आलं की मीठ. ५८.५ ग्रॅम मिठाचे आयन सुटे करायला सुमारे ७८७ किलोज्यूल खर्च होतात. पाण्याने त्यांना वेढलं की जवळपास तेवढेच परत मिळतात. थोडी तूट राहते, ती आयनांच्या मोकळेपणाने पसरण्यातून भरून निघते. जिप्सममध्ये दोन्ही आयनांवर दुप्पट प्रभार, पकड कितीतरी घट्ट. पाणीही अशा आयनांभोवती जखडून बसतं, त्यामुळे मोकळेपणाचा तो फायदा हाती लागत नाही. म्हणून लिटरभर पाण्यात मीठ सुमारे ३६० ग्रॅम मावतं आणि जिप्सम दोन-अडीच ग्रॅम.

पाणी उकळत्यापर्यंत तापवलं तरी मिठाचा आकडा ३९० च्या आसपासच जातो. म्हणजे कढत पाण्यात विरघळवून थंड केलं तर हाती फारसं मीठ लागणार नाही. पाणी उडवूनच लावायला हवं, आणि ते काम ऊन फुकट करतं. "शेवटचं पाणी आजोबा सोडून द्यायचे," तो म्हणाला, "नाहीतर मीठ कडू होतं." बरोबर, त्या पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार उरतात. त्यातलं थोडं मॅग्नेशियम क्लोराइड खड्या मिठाबरोबर घरी येतं आणि हवेतली वाफ ओढून घेतं. पावसाळ्यात बरणीला पाणी सुटतं ते त्यामुळे.

निघताना मी सहज म्हणालो, की हिवाळ्यात आपल्या खाडीवर येणाऱ्या रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, गुलाबी रंग शेवाळातून आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांतून येतो, आणि ती रंगद्रव्यं मिरचीच्या कॅप्सॅन्थिनचीच भावंडं. मघाशी कान लाल झालेली ती थांबली. "म्हणून ते दिवसभर पाण्यात उभे राहिले तरी रंग उतरत नाही. तर्रीसारखा."

रंग पिसाच्या केराटिन या प्रथिनात मुरलेला असतो, तेही एक कारण आहे. तेवढं राहिलं. पाचपैकी चार.