कॅनव्हास प्रिंट करून घेण्याआधी काय विचाराल?

फोटोचा तीन बाय दोन फुटांचा कॅनव्हास करायचा म्हटलं की बरेच दुकानदार आधी डीपीआय, म्हणजे इंचाला किती ठिपके, ते बघतात आणि ३००च्या खाली असेल तर मान हलवतात. इतकं घाबरायचं कारण नाही. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन वेगळा ओळखता येतो. हातातल्या पुस्तकाच्या अंतरावरून, म्हणजे ३० सेंटीमीटरवरून, हा हिशेब इंचाला सुमारे ३०० ठिपके असा येतो. सोफ्यामागची भिंत मात्र आपण दीड मीटरवरून बघतो. तिथे ६० पुरतात. मोबाइलच्या १२ मेगापिक्सेल फोटोत लांबीला ४००० पिक्सेल असतात. ते ३६ इंचांवर पसरले तरी इंचाला ११० पडतात. हाच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवला तर बराच आक्रसतो, म्हणून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.

खरी चौकशी करायची ती शाईची. डाय शाईत रंगाचे रेणू सुटे विरघळलेले असतात. प्रकाश आणि हवेतला ओझोन त्यांचे बंध तोडतात आणि रंग उडतो. पिगमेंट शाईत रंगाचे घन कण असतात, एकेका कणात असंख्य रेणू. वरचे गेले तरी आतले टिकतात. थोडे जास्त पैसे पडले तरी पिगमेंटच घ्या, असं माझं ठाम मत आहे.

मग कापड. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. ६५ टक्के आर्द्रतेतही कापूस वजनाच्या सात-आठ टक्के पाणी धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहून कमी. त्यामुळे पावसाळ्यात सुती कॅनव्हासचा ताण बदलत राहतो, कोपऱ्यांत सुरकुत्या येतात. सुताचा पोत देखणा, हे कबूल. पण आपल्या हवेला पॉली-कॉटन मिश्रण जास्त मानवतं.

कॅनव्हास फार पांढराशुभ्र दिसला तर दुकानातल्या नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली नमुना धरायला सांगा. निळसर चमकला तर त्यात ब्राइटनर आहे. तो अतिनील किरण शोषून निळा प्रकाश टाकतो, म्हणून कापड पांढरं भासतं. काही वर्षांत त्याचा जोर ओसरला की तेच पिवळट दिसू लागतं.

वर वॉर्निशचा थर मारून घ्या. पावसाची झड लागणाऱ्या भिंतीवर प्रिंट लावायचीच असेल तर फ्रेमच्या चारही कोपऱ्यांना मागून रबराचे तुकडे चिकटवा. मागे हवा खेळली की बुरशी सहसा धरत नाही.