माकड मोजता येतं, शेवाळ कसं मोजायचं?

केरळच्या सायलेंट व्हॅलीत कुंतीपुळा नदीवर जलविद्युत धरण व्हायचं होतं. १९७३मध्ये नियोजन आयोगाची मंजुरीही मिळाली होती. पण त्याच जंगलात काळ्या तोंडाभोवती राखाडी आयाळ असलेलं सिंहपुच्छ माकड राहतं, आणि पश्चिम घाटाबाहेर ते जगात कुठेच नाही. केरळ शास्त्र साहित्य परिषद या लोकविज्ञान संघटनेने विषय लोकांपर्यंत नेला, प्रकल्प बारगळला आणि १९८४मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. त्या लढ्याला चेहरा दिला तो या माकडाने.

माकडामुळे झाडांच्या बुंध्यांवरचं शेवाळही (मॉस) वाचलं. त्याचं नाव मात्र कुणी घेतलं नाही. कायद्यातही ते मागेच राहिलं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वनस्पतींचं प्रकरण आलं तेच १९९१मध्ये, आणि तेव्हा यादीत होत्या घटपर्णी, ‘कुठ’ ही औषधी वनस्पती, ऑर्किड अशा जेमतेम सहा नोंदी. शेवाळ त्यांत नव्हतं.

मला यामागे मोजदादीची अडचण मोठी वाटते. सिंहपुच्छ माकडं संकटग्रस्त ठरली ती आकड्यावर: प्रौढ माकडं अडीच हजारांहून कमी. शेवाळाचं काय? पावसाळ्यात कुंपणाच्या भिंतीवरचा हिरवा गादीसारखा पुंजका भिंगाखाली धरा. शेकडो इवल्या काड्या एकमेकींना खेटून उभ्या दिसतात. ही शंभर रोपं की एकाच रोपाच्या फांद्या? अभ्यासकांनी अखेर एक व्यवहारी तोडगा काढला: जमिनीवर वाढणाऱ्या शेवाळाने व्यापलेला एक चौरस मीटर म्हणजे ‘एक’, झाडावर वाढणाऱ्याचं एक झाड म्हणजे ‘एक’. अशा मापांच्या आधारे युरोपने २०१९मध्ये आपल्या शेवाळवर्गीय वनस्पतींची लाल यादी (कोणत्या जातीला किती धोका, याची नोंद) केली, तेव्हा तपासलेल्यांपैकी २२.५ टक्के जाती धोक्यात निघाल्या.

सगळ्यात जिवाला लागते ती ताकाकिया या शेवाळाची गोष्ट. ३९ कोटी वर्षं जुना हा वंश. हिमालय उभा राहायच्या कितीतरी आधीचा. त्याची एक जात तिबेटच्या पठारावर, बर्फाच्या आणि तीव्र अतिनील किरणांच्या माऱ्यात टिकून आहे. तिथली वाढती उष्णता मात्र तिला सोसत नाही. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ती वर्षाला सुमारे १.६ टक्क्यांनी घटते आहे. इथे थांबवायला एखादं धरण नाही. म्हणून संशोधकांनी प्रयोगशाळेत रोपं वाढवून तिबेटात नेऊन लावली. पाच वर्षांनी पाहिलं, तर त्यांतली काही जगली होती.