चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर किती आले असते?

टेक्सासमधली हिडाल्गो काउंटी मेक्सिकोच्या सीमेला लागून आहे. १९७०च्या जनगणनेत तिथले ७९.१ टक्के रहिवासी मेक्सिकन वंशाचे होते. १९७२मध्ये तिथे शिक्षा झालेल्या रॉड्रिगो पार्टिडा याची तक्रार अशी, की ग्रँड ज्युरीत आमच्या लोकांना डावललं जातं. खटला भरण्याइतका पुरावा आहे का, हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ म्हणजे ग्रँड ज्युरी. त्यासाठीची नावं न्यायाधीशाने नेमलेले आयुक्त आपल्या मर्जीने काढत. ११ वर्षांत ८७० जणांना बोलावलं गेलं. त्यांत स्पॅनिश आडनावांचे ३३९, म्हणजे ३९ टक्के.

फरक उघड दिसतो. पण सरळ चिठ्ठ्या टाकल्या तरी दरवेळी बरोब्बर ७९ टक्के थोडेच येणार? म्हणून संख्याशास्त्र आधी आयुक्तांचीच बाजू घेतं: भेदभाव झालेला नाही, निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखीच झाली, असं धरून चला. हे शून्य गृहीतक. मग ८७०मध्ये सुमारे ६८८ जण अपेक्षित. आता ही संख्या नशिबाने किती हलेल? ८७० × ०.७९१ × ०.२०९ या गुणाकाराचं वर्गमूळ काढलं की साधारण १२ येतात. हे प्रमाण विचलन. म्हणजे ६७० किंवा ७०० आले असते तर कुणी काही म्हणालं नसतं. दोन विचलनांपलीकडे आकडा क्वचितच जातो, शंभरात पाचेक वेळा. इथे तूट ३४९ची, म्हणजे तब्बल २९ विचलनांची!

नमुन्याचा आकार किती महत्त्वाचा, हेही इथेच कळतं. १० जणांत आठाऐवजी सहा आले, तर तो निव्वळ योगायोग असू शकतो. ८७० जणांत तेच ६० टक्के आले, तर तूट जवळपास १४ विचलनांची होते.

गणित सोपं आहे. खरी मेख ७९.१ या आकड्यात आहे. रहिवासी आणि ज्युरीसाठी पात्र नागरिक एकच नव्हेत. वय, नागरिकत्व, साक्षरता बघावी लागते. १९७७मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश बर्गर यांनी नेमका हाच आक्षेप घेतला, आणि माझ्या मते तो रास्तच होता. चुकीच्या टक्केवारीशी तुलना केली, तर २९ विचलनांना काय अर्थ? पण उदाहरणादाखल ७९.१ऐवजी ६५ टक्के धरून पाहा: अपेक्षा ५६६ची, विचलन १४ आणि तूट तरीही १६ विचलनांची.

योगायोगाचा मुद्दा तिथेच निकालात निघतो. हेतूबद्दल मात्र ही चाचणी अवाक्षर काढत नाही. पाचपैकी तीन आयुक्त स्वतः मेक्सिकन वंशाचे होते! बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी लिहिलं, की एवढी तफावत दिसल्यावर खुलासा करायची जबाबदारी सरकारवर येते. सरकारने त्या आयुक्तांना साक्षीलाही बोलावलं नव्हतं. निकाल पार्टिडाच्या बाजूने लागला, ५ विरुद्ध ४ मतांनी.