माझी भाची ब्रिटनच्या कुठल्या रकान्यात बसते?

माझी भाची सप्टेंबर २०२२ मध्ये वर्षभराची एमएस्सी करायला इंग्लंडला गेली. मुंबई विमानतळावर तिला सोडायला आम्ही अख्खं खानदान घेऊन गेलो होतो. बॅगेचं वजन जास्त भरलं म्हणून ताईने तिथेच फरशीवर बसकण मारून बॅग उघडली, कुकर बाहेर काढला, आणि मेतकुटाची पिशवी मात्र कपड्यांच्या घड्यांमध्ये परत खोचून दिली. तिकडे पोचल्यावर भाचीने पोस्टात जाऊन आपलं रेसिडेन्स परमिटचं कार्ड घेतलं, त्यावर फोटो आणि व्हिसा संपायची तारीख, आणि पहिला फोटो तिने आम्हाला पाठवला तो त्या कार्डाचाच. घरात सगळे म्हणत होते पोरगी शिकायला गेलीय. ब्रिटनच्या हिशोबात मात्र ती इमिग्रंट, म्हणजे स्थलांतरित झाली होती.

इथेच बऱ्याच जणांना खटकतं, की विद्यार्थी कसला आलाय इमिग्रंट, तो तर शिकून परत येणार. पण व्याख्या काय आहे बघा. संयुक्त राष्ट्रांच्या १९९८ च्या शिफारशीप्रमाणे जो माणूस आपलं नेहमीचं राहण्याचं ठिकाण सोडून किमान १२ महिन्यांसाठी दुसऱ्या देशात जातो तो दीर्घकालीन स्थलांतरित. का गेला, हा प्रश्न त्यात नाहीच. म्हणून सहा महिन्यांचा इंग्रजीचा कोर्स करणारा यात धरत नाहीत आणि वर्षभराची मास्टर्स करणारी माझी भाची धरतात. आपल्याकडेही हेच चालतं. २०११ च्या जनगणनेत स्थलांतराचं कारण विचारलं होतं, त्यात नोकरी, धंदा, शिक्षण, लग्न असे पर्याय होते, म्हणजे कारण कुठलंही असलं तरी धरायचंच, नाशिकहून लग्न होऊन साताऱ्याला आलेली आजी पण स्थलांतरित आणि पुण्यात हॉस्टेलवर राहून शिकणारा तिचा नातू पण स्थलांतरित. कोण कुठे राहतंय एवढंच मोजायचं असतं, आणि ते मोजायलाच हवं, कारण विद्यार्थी झाला तरी त्याला खोली लागते, बस लागते, ताप आला तर डॉक्टर लागतो.

मग ब्रिटनमध्ये यावरून एवढी वर्षं वाद का चाललाय? कारण तिथे एकाच आकड्यावर सगळं राजकारण फिरतं, नेट मायग्रेशन, म्हणजे वर्षभरात आले किती त्यातून गेले किती वजा करायचे. २०१० च्या निवडणुकीत डेव्हिड कॅमेरून यांच्या पक्षाने हा आकडा लाखाच्या आत आणू असं वचन दिलं आणि पुढे गृहमंत्री आणि मग पंतप्रधान झालेल्या थेरेसा मे यांनी ते शेवटपर्यंत धरून ठेवलं. आता विद्यार्थी आला की आकडा वाढणार, म्हणजे फी भरणारा, आरोग्यसेवेसाठी वेगळा हेल्थ सरचार्ज भरणारा विद्यार्थीही सरकारला नकोसा वाटायला लागणार. विद्यापीठं तेव्हापासून म्हणतायत की विद्यार्थ्यांना यातून काढा.

थोडं गणित करू, कारण खरी गंमत त्यात आहे. समजा एका गावात दरवर्षी १०० पोरं वर्षभराच्या कोर्सला येतात आणि कोर्स संपला की सगळी परत जातात. पहिल्या वर्षी आले १००, गेलं कोणी नाही, नेट १००. दुसऱ्या वर्षी नवे १०० आले, जुने १०० गेले, नेट शून्य. तिसऱ्या वर्षी १५० आले आणि गेले १००, नेट ५०. चौथ्या वर्षी नियम कडक झाले, परत १०० च आले पण गेले १५०, नेट उणे ५०. आता बघा, या चार वर्षांत कायमचं राहायला एकही जण थांबला नाही, तरी तिसऱ्या वर्षी पेपरात ‘लोंढे आले’ आणि चौथ्या वर्षी ‘सरकारने करून दाखवलं’ अशी बातमी येऊ शकते. उलट दरवर्षी १०० पैकी २० जण तिथेच नोकरी धरून राहिले तर दुसऱ्या वर्षापासून नेट आकडा दरवर्षी २० येत राहील, आणि ते २० मात्र खरोखर वाढलेले आहेत. म्हणजे जे परत जातात ते वजाबाकीत आपोआप निघून जातात, फक्त वर्षा-दोन वर्षांनी. अट एकच, जाणारे नीट मोजले गेले पाहिजेत.

आणि ब्रिटनमध्ये नेमके तेच कित्येक वर्षं मोजले जात नव्हते. १९६१ पासून तिथे इंटरनॅशनल पॅसेंजर सर्व्हे होता, म्हणजे विमानतळांवर आणि बंदरांवर काही प्रवाशांना थांबवून विचारायचं, कशासाठी आलात, किती दिवस राहणार, आणि त्या नमुन्यावरून देशाचा आकडा काढायचा. येणारा सांगायचा शिकायला आलोय. तोच मुलगा परत जाताना काय सांगणार? नोकरीसाठी चाललोय. झालं, येताना विद्यार्थी म्हणून नोंद आणि जाताना कामासाठी जाणारा म्हणून नोंद, विद्यार्थ्यांच्या रकान्यात तो आलेलाच दिसतो, गेलेला दिसतच नाही. मुळात तुम्ही या देशात कशासाठी आला होतात, हा प्रश्न जाणाऱ्यांना २०१२ पासून विचारायला लागले. त्यानंतरही आलेले विद्यार्थी आणि गेलेले विद्यार्थी यांच्या आकड्यांत मोठी तफावत राहिलीच आणि त्यातून अर्थ काय काढला गेला, तर दरवर्षी जवळपास लाखभर विद्यार्थी व्हिसा संपल्यावर परत जातच नाहीत.

मला या गोष्टीचा खरंच राग येतो. कारण एप्रिल २०१५ पासून देश सोडणाऱ्यांचे पासपोर्ट तपासून नोंद ठेवायला सुरुवात झाली आणि ऑगस्ट २०१७ मध्ये ते आकडे बाहेर आले तेव्हा दिसलं की युरोपबाहेरच्या ज्या विद्यार्थ्यांचा व्हिसा संपला होता त्यांच्यापैकी ९७ टक्क्यांहून जास्त जण वेळेत निघून गेले होते. तोपर्यंत मात्र व्हिसाचे नियम आवळून झाले होते, शिक्षणानंतर दोन वर्षं काम करता येणारा व्हिसा २०१२ मध्येच बंद झाला होता, तो परत मिळायला जुलै २०२१ उजाडला. मधल्या काळात कितीतरी पोरांनी शैक्षणिक कर्ज डोक्यावर घेऊन परतीचं विमान पकडलं.

आता तो सर्व्हे यासाठी वापरत नाहीत. व्हिसा आणि सीमेवरच्या नोंदी जोडून बघतात, पहिल्यांदा आला कधी आणि शेवटचा गेला कधी. माझी भाची मध्ये तीन आठवडे घरी येऊन गेली, त्याने काही फरक पडत नाही. (ऑस्ट्रेलियात पूर्वी सलग १२ महिने राहायची अट होती, सुट्टीत घरी गेलेला विद्यार्थी त्यातून गळायचा, म्हणून २००६ पासून त्यांनी १६ महिन्यांत मिळून १२ महिने असा नियम केला, मला तो फार समंजस वाटतो.) पण नव्या पद्धतीतही अडचण आहेच, नुकत्याच आलेल्या माणसाचं पुढे काय होणार हे अंदाजानेच धरावं लागतं. जून २०२३ पर्यंतच्या वर्षाचं नेट मायग्रेशन आधी ६ लाख ७२ हजार सांगितलं, मग ७ लाख ४० हजार झालं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ९ लाख ६ हजार. वर्ष तेच, माणसं तीच. कारणं बरीच होती, त्यातलं एक असं की पूर्वीपेक्षा जास्त विद्यार्थी व्हिसा बदलून तिथेच थांबत होते. माझी भाची त्यातलीच, तिनेही कोर्स संपल्यावर ग्रॅज्युएट व्हिसा, म्हणजे तोच शिक्षणानंतर काम करू देणारा व्हिसा घेतला.

म्हणून विद्यार्थ्यांना आकड्यातून काढा हे मला पटत नाही. काढायचं म्हटलं तर येतानाही काढा आणि जातानाही काढा, आणि जो मध्येच नोकरीच्या व्हिसावर गेला त्याला कोणत्या दिवशी ‘आलेला’ धरायचा? तो तर विमानाने कुठूनच आला नाही, तिथेच बसून होता. २०१८ मध्ये स्थलांतराबद्दल सरकारला सल्ला देणाऱ्या तिथल्या मायग्रेशन अ‍ॅडव्हायझरी कमिटीनेही हेच सांगितलं, की विद्यार्थी काढू नका, अडचण असेल तर ती आकडा लाखाच्या आत आणायच्या त्या टार्गेटमध्येच आहे. अमेरिकेत कायद्याच्या भाषेत विद्यार्थी ‘नॉन-इमिग्रंट’ असतो, ग्रीन कार्डांच्या मोजणीत तो येत नाही, पण लोकसंख्या मोजताना त्याला धरतातच. दोन प्रश्न वेगळे ठेवले की दोन्हीची उत्तरं मिळतात, इथे आत्ता राहतंय कोण हा एक आणि कायमचं राहायला किती जण थांबले हा दुसरा. त्यामुळे मोजा सगळ्यांना, फक्त विद्यार्थ्यांचा रकाना वेगळा दाखवा, येणारे आणि जाणारे दोन्ही, आणि एका वर्षाच्या नेटवर कोणाला बडवू नका.

जून २०२५ पर्यंतच्या वर्षाचा ब्रिटनचा नेट आकडा २ लाख ४ हजारांवर आला. नियम कडक झाले, जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना नवरा-बायको-मुलं सोबत नेता येत नाहीत, हे आहेच. पण २०२१-२२ च्या लाटेत गेलेली पोरं आता परत निघालीयत, तोही भाग आहे, वर १०० आणि १५० चं गणित केलं त्यातलं हे चौथं वर्ष. भाची पण परत आलीय, पुण्यात नोकरी करते, आणि तिकडच्या हिशोबात तिच्या नावाचा एक आता वजा झाला असेल.