अस्थिमज्जेचे आनुवंशिक विकार व मुलांमधील मूळपेशी प्रत्यारोपण

हाडांच्या पोकळीतील मज्जेत रक्तपेशी तयार होतात. जनुकातील जन्मजात दोषामुळे ही मज्जा रक्त करेनाशी होते, अशा विकारांचा हा गट आहे. फॅन्कोनी ॲनिमिया, डायमंड-ब्लॅकफॅन ॲनिमिया, डिसकेराटोसिस कंजेनिटा, श्वाखमन-डायमंड विकार आणि जन्मजात न्यूट्रोपेनिया (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असणे) हे त्यांतले प्रमुख. मज्जा पूर्ण सुकली की दुसऱ्याच्या मूळपेशींचे, म्हणजे ज्यांपासून सगळ्या रक्तपेशी बनतात त्या मज्जेतील पेशींचे, प्रत्यारोपण हाच रक्तापुरता कायमचा रुळलेला उपाय. मात्र रोगाचे नाव पक्के होण्याआधी प्रत्यारोपणाची घाई केली, तर तोच उपाय मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

सुरुवात साधी असते. मूल फिकट दिसते, अंगावर विनाकारण जांभळे डाग उठतात, नाकातून रक्त येते, ताप वारंवार उलटतो. पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत सातारा, सोलापूर, बीडकडून पोहोचणाऱ्या मुलांपैकी काहींनी तोवर बरेच दिवस लोहाची औषधे घेतलेली असतात. खरे तर गल्लीतल्या लॅबच्या सीबीसी रिपोर्टवरही एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, छापलेला असतो. लोह कमी पडले की हा आकडा घटतो. या विकारांत तो बहुधा वाढलेला असतो. हिमोग्लोबिनबरोबर प्लेटलेटही घसरत असतील, तर लोहाच्या बाटल्या बदलत बसण्यात अर्थ नाही.

या गटात सर्वाधिक अभ्यास झालेला विकार फॅन्कोनीचा. स्विस बालरोगतज्ज्ञ ग्विडो फॅन्कोनी यांनी १९२७ मध्ये तीन भावांच्या आजाराचे वर्णन केले. डीएनएच्या दोन धाग्यांमध्ये पडलेल्या गाठी सोडवणारी यंत्रणा या मुलांत बिघडलेली असते. तिच्याशी निगडित वीसहून अधिक जनुके आज माहीत आहेत. अंगठा नसणे किंवा दोन असणे, ठेंगणी चण, कातडीवर कॉफीच्या रंगाचे चट्टे, मूत्रपिंडाची वेगळी ठेवण या खुणा दिसल्या की संशय येतो. पण बऱ्याच मुलांत बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून मज्जा सुकलेल्या प्रत्येक मुलाची गुणसूत्र-भंग चाचणी करावी लागते. तीत रक्तपेशींवर मायटोमायसिन-सी किंवा डीईबी हे रसायन टाकून गुणसूत्रे किती तुटतात ते पाहतात. काही रुग्णांच्या थोड्या रक्तपेशी आपोआप दुरुस्त झालेल्या असतात आणि चाचणी फसवते. मग त्वचेच्या पेशी तपासतात. भारतीय रुग्णांत एफएएनसीएल या जनुकातला एक विशिष्ट बदल पुन्हापुन्हा सापडतो. तो दक्षिण आशियातील जुन्या समान पूर्वजांकडून आलेला आहे.

नाव पक्के करण्याचा आग्रह कशासाठी, ते औषधांच्या मात्रेवरून कळते. जन्मजात नसलेल्या ॲप्लास्टिक ॲनिमियात, म्हणजे पुढे कधीतरी मज्जा सुकते त्या आजारात, प्रत्यारोपणापूर्वी सायक्लोफॉस्फमाइड हे कर्करोगावरचे औषध वजनाच्या किलोमागे एकूण २०० मिलिग्रॅमपर्यंत देतात. फॅन्कोनीच्या मुलाला ते सोसत नाही, कारण हे औषध डीएनएत नेमक्या त्याच गाठी पाडते. पॅरिसच्या सेंट-लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी मात्रा सुमारे दहाव्या हिश्श्यावर आणली आणि मुले वाचू लागली. त्यांनीच १९८८ मध्ये फॅन्कोनीच्या एका मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त दिले. नाळरक्ताचे ते जगातील पहिले प्रत्यारोपण. आज फ्लुडाराबिन आणि कमी मात्रेची औषधे यांवर भर असतो. ॲप्लास्टिक ॲनिमियातले एटीजी आणि सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार जन्मजात विकारांत सहसा लागू पडत नाहीत. निदान चुकले की त्यात पैसा आणि वेळ दोन्ही जातात.

डायमंड-ब्लॅकफॅनमध्ये फक्त तांबड्या पेशी कमी पडतात, तेही बहुधा पहिल्या वर्षातच. अनेक मुले सुरुवातीला स्टेरॉइडला दाद देतात. ज्यांना दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, त्यांच्या यकृतात व हृदयात लोह साचू लागते. ते फार साचण्याआधी प्रत्यारोपणाचा विचार होतो. डिसकेराटोसिसमध्ये गुणसूत्रांच्या टोकांवरचे टेलोमिअर आखूड असतात, नखे झिजतात, जिभेवर पांढरा थर येतो. मज्जा बदलली तरी पुढे फुप्फुसे आणि यकृत बिघडण्याची भीती राहतेच.

दाता शोधताना पहिली नजर सख्ख्या भावंडांवर जाते. एचएलए, म्हणजे पेशी आपल्या की परक्या हे शरीराला ओळखू देणाऱ्या खुणा, पूर्ण जुळण्याची शक्यता प्रत्येक भावंडामागे चारात एक. दोन मुलांच्या कुटुंबात हे गणित फारसे साथ देत नाही. शिवाय जुळणारे भावंड वरून ठणठणीत असले तरी त्यालाही तोच विकार असू शकतो, म्हणून त्याची जनुकीय तपासणी आधी. फॅन्कोनीत जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच सदोष असलेला वाहक मात्र दाता चालतो. भावंड नसेल तर ‘दात्री’सारख्या मूळपेशी-दात्यांच्या नोंदणीत शोध घेतात किंवा आई-वडिलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशी वापरतात. नातेवाइकांनी आधीच रक्त देऊ नये, हे घरच्यांना पटवणे अवघड असते. काका-मामा रुग्णालयात रांग लावून उभे असतात. पण त्यांच्या रक्तामुळे मुलाच्या शरीरात प्रतिपिंडे तयार झाली, तर पुढे त्याच घरातल्या दात्याच्या पेशी नाकारल्या जाण्याचा धोका वाढतो. दात्याची मज्जा पाठीच्या कण्यातून काढतात हा समज चुकीचा आहे. ती भूल देऊन कमरेच्या हाडातून घेतात. रुग्णाला ती पिशवीतून, रक्त चढवावे तशी शिरेतून देतात. नवी मज्जा रुजायला दोन ते चार आठवडे लागतात.

नात्यातल्या लग्नांचा विषय इथे टाळता येत नाही. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न रूढ आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे यांनी नातेव्यवस्थेचा जो अभ्यास केला, त्यात या प्रथेची सविस्तर मांडणी आहे. दोघांकडे एकाच पूर्वजाकडून आलेली सदोष प्रत असेल, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. दोष कळलेला असेल तर पुढच्या खेपेस ११ ते १३ आठवड्यांदरम्यान वारेचा नमुना तपासता येतो. सुनेला बोल लावणाऱ्या घरांत एवढे तरी सांगावे की अशा आजारात एक प्रत बापाकडूनही आलेली असते.

पुण्यात दीनानाथ मंगेशकर आणि सह्याद्री या रुग्णालयांत मज्जा प्रत्यारोपणाची सोय आहे. भारतातले पहिले मज्जा प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ मध्ये झाले. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात फॅन्कोनीचा समावेश एकदाच करायच्या उपचारांच्या गटात आहे. २०२२ पासून या धोरणाखालील मदतीची मर्यादा ५० लाख रुपये आहे. या मदतीसाठी नोंदणी मान्यताप्राप्त केंद्रातच होते. त्यांपैकी एक मुंबईत परळचे केईएम. रास्ता पेठेतले केईएम ही निराळी संस्था, तेव्हा कागदपत्रे घेऊन निघण्यापूर्वी पत्ता नीट पाहावा.

प्रत्यारोपणानंतरचे पहिले शंभर दिवस सर्वांत नाजूक. बुरशीचे कण बांधकामाच्या धुळीतून पसरतात आणि पुण्यात बांधकाम नाही अशी गल्ली मिळणे कठीण, म्हणून रुग्णालयाजवळची भाड्याची खोली पाहून घ्यावी लागते. उसाचा रस, उघड्यावरची भेळ, गणपतीतली गर्दी बंद. दात्याच्या पेशी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यावर आणि यकृतावर उलटू शकतात. ही गुंतागुंत दीर्घकाळ टिकली तर फॅन्कोनीच्या रुग्णात तोंडाच्या कर्करोगाचा धोका आणखी वाढतो. तो धोका मुळातच मोठा असतो, कारण नवी मज्जा फक्त रक्त बदलते, तोंडाच्या आवरणातील पेशी जुन्याच राहतात. त्यामुळे अशा मुलाला एचपीव्ही या कर्करोगाला कारण ठरू शकणाऱ्या विषाणूची लस द्यावी. मिश्री, तंबाखू, गुटखा त्याच्या आयुष्यात येऊच नये. तोंडाची तपासणी दर सहा महिन्यांनी व्हावी, आणि अठरा वर्षांनंतर बालरोगतज्ज्ञाकडची फाईल मोठ्यांच्या डॉक्टरकडे पोहोचली आहे ना, हे घरच्यांनी स्वतः पाहावे.