ट्रॅकेबल्सची पार्श्वभूमी : वस्तू फिरते की नुसता नंबर?

ट्रॅकेबल खरंच फिरलं पाहिजे, की त्याचा नंबर लोकांच्या यादीत चढला म्हणजे पुरे? जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवलेला डबा ('कॅश') जीपीएसच्या मदतीने शोधण्याचा खेळ, आणि ट्रॅकेबल म्हणजे अशा एका डब्यातून दुसऱ्यात नेत राहायची, संकेतस्थळावर नंबराने नोंदवायची वस्तू. हा खेळ खेळणाऱ्यांमध्ये हा वाद कित्येक वर्षं धुमसतो आहे आणि नव्याने आलेल्याला तो पोरकट वाटतो. डब्यात सापडलेलं एखादं खेळणं, त्याला साखळीने अडकवलेली धातूची पत्री, पत्रीवर कोरलेली पाच-सहा अक्षरं. एवढ्यावरून भांडायचं काय? पण ही सगळी व्यवस्था कशी घडत गेली ते पाहिलं, तर भांडणाचं बी त्या पत्रीतच सापडतं.

फार मागे जायचं तर इंग्लंडच्या नैऋत्येला, डार्टमूरच्या माळरानावर जावं लागेल. १८५४ मध्ये तिथल्या एका वाटाड्याने क्रॅनमेअर पूल या आडबाजूच्या दलदलीच्या जागी एक बाटली ठेवली. तिथवर चालत आलेल्याने आपलं व्हिजिटिंग कार्ड त्यात टाकायचं. पुढे लोक स्वतःचा पत्ता लिहिलेली पोस्टकार्डं ठेवू लागले आणि नंतर येणारा कोणी ती उचलून आपल्या गावच्या टपालपेटीत टाकू लागला. दुसऱ्याची वस्तू घ्यायची, पुढे न्यायची, बदल्यात काही मागायचं नाही. ट्रॅकेबलचा व्यवहार एवढाच आहे, तो इथे पूर्ण दिसतो. 'लेटरबॉक्सिंग' नावाच्या या छंदाच्या अमेरिकी शाखेत डब्याडब्यांतून फिरणाऱ्या रबरी शिक्क्यांना 'हिचहायकर' म्हणतात. जिओकॅशिंगच्या पहिल्या दिवसांत चिठ्ठी बांधून सोडलेल्या वस्तूंनाही लोक हेच म्हणत.

जिओकॅशिंग सुरू झालं ते २००० सालच्या मे महिन्यात. ती गोष्ट थोडक्यात अशी. अमेरिकी सरकारने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढली गेली, दोन दिवसांत अमेरिकेच्या ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ पहिली कॅश म्हणून एक बादली पुरली गेली, सप्टेंबरात खेळाचं संकेतस्थळ उघडलं तेव्हा त्यावर जेमतेम ७५ कॅशेस होत्या. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या बादलीतली एकच गोष्ट महत्त्वाची आहे, ती म्हणजे घेवड्याच्या उसळीचा एक बंद डबा. नंतर गवत कापण्याच्या यंत्राखाली बादलीची आणि आतल्या बहुतेक वस्तूंची वाट लागली, पण हा डबा वाचला. पुढे त्याला कोड मिळाला आणि आज तोही एक ट्रॅकेबल आहे. म्हणजे या खेळातली सगळ्यात जुनी वस्तू ट्रॅकेबल झाली ती मागाहून.

नंबर आणि संकेतस्थळ यांची जोडी जमवणं ही कल्पना तेव्हा अनेकांना सुचतच होती. अमेरिकेत १९९८ च्या अखेरीपासून लोक डॉलरच्या नोटांचे नंबर एका संकेतस्थळावर नोंदवत होते आणि नोट कुठे निघाली ते पाहत होते. २००६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञांनी याच नोंदींवरून माणसांच्या प्रवासाचं गणित मांडलं, ते खूप गाजलं. २००१ च्या वसंतात वाचून झालेलं पुस्तक नंबर लावून बाकावर सोडून द्यायचा उपक्रमही सुरू झाला. पण नोट कोणाचीच नसते, आणि सोडलेलं पुस्तक ज्याला सापडलं त्याचं. मालकाचा हक्क शाबूत ठेवून वस्तू अनोळखी लोकांच्या हवाली करणं, हा भाग जिओकॅशिंगने आणला.

तो आला २००१ मध्येच, 'ट्रॅव्हल बग' म्हणजे 'टीबी' या नावाने. गळ्यात सैनिक घालतात तशी धातूची पत्री, तिच्यावर अंगावर बारकोड असलेला किडा, खाली कोड. पाकिटात सारख्याच नंबरच्या दोन पत्र्या. एक वस्तूला अडकवायची, दुसरी मालकाने घरी ठेवायची. पहिल्या सोडलेल्या वस्तू म्हणजे पापांची नावं दिलेली रबरी बदकं होती. एकाचं नाव मत्सर. आपल्या षड्रिपूंतलाच एक जगप्रवासाला निघाला म्हणायचा. एरवी डब्यातून काही उचललं तर त्या तोडीचं काही ठेवायचं, हा खेळाचा मूळ नियम. ट्रॅकेबलला तो लागू नाही, कारण आपण ते घेत नसतो, पोचवत असतो.

खरी मेख दोन नंबरांत आहे. 'टीबी'ने सुरू होणारा नंबर जाहीर असतो. तो कोणीही पाहावा, वस्तूचं पान उघडावं, प्रवासाचा नकाशा बघावा. पत्रीवर कोरलेला कोड मात्र गुप्त. तो फक्त वस्तू ज्याच्या हातात आहे त्याला दिसणार, म्हणून तोच नोंदीची किल्ली. २००१ मध्ये हे तर्कशुद्ध होतं. कोड माहीत आहे म्हणजे वस्तू हातात आहे, ही समजूत तेव्हा खरी होती. सगळी इमारत या एका समजुतीवर उभी राहिली आणि कोणी लिहून ठेवलं नाही की पत्रीचा फोटो निघाला की ही समजूत मोडते.

पहिल्या काही वर्षांत प्रश्न निराळाच होता, चोरीचा. किल्लीच्या जुडग्याला लावतात तसलं खेळणं कोणी पळवत नसे. पण २००१ च्या शरद ऋतूत एका हौशी कॅशरने स्वतःची नाणी पाडून घेतली आणि 'जिओकॉइन' नावाचं प्रकरण सुरू झालं. लष्करी पलटणींची स्मृतिनाणी अमेरिकेत आधीपासून होती, हे त्यांचंच भावंड. मीनाकाम, चकचकीत कडा, प्रत्येक राज्याचं, प्रत्येक मेळाव्याचं वेगळं नाणं. अशी वस्तू रानातल्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवली तर ती राहील कशी? २००४ मध्ये एका मोटार कंपनीने जाहिरातीसाठी हजारो छोट्या पिवळ्या जीपगाड्या डब्यांत सोडल्या. त्यातल्या कितीतरी कोणाकोणाच्या कपाटात जाऊन बसल्या.

यावर लोकांनी काढलेले उपाय पाहण्यासारखे आहेत. काहींनी नव्याकोऱ्या नाण्याला ड्रिलने आरपार भोक पाडलं, म्हणजे संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत शून्य. मग त्या भोकातून साखळी ओवून 'मला आल्प्सपर्यंत न्या' अशी चिठ्ठी लावायची. काहींनी खरं नाणं घरात ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंचा रंगीत फोटो कागदावर छापला, लॅमिनेट केला आणि झिपच्या पिशवीत घालून तो कागदच प्रवासाला धाडला. कोड तोच, नोंदी त्याच, मैल तेच. यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. पण इथेच वस्तू आणि नंबर यांची ताटातूट सुरू झाली, आणि ती केली वस्तू फिरावी असं वाटणाऱ्यांनीच.

मैलांचाही थोडा खुलासा हवा. ट्रॅकेबलच्या पानावर दिसतं ते अंतर एका कॅशपासून दुसऱ्या कॅशपर्यंतच्या सरळ रेषेचं असतं. विमान कुठून वळून आलं, टपालाने पाठवलं की खिशातून नेलं, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. शिवाय डब्यात ठेवायचं, लगेच उचलायचं आणि तेवढ्यासाठी दोन नोंदी करायच्या, असा 'बुडवून काढण्याचा' प्रकार रूढ झाला. मग 'व्हिजिटेड' अशी सरळ सोय आली, म्हणजे वस्तू खिशातून न काढताच ती त्या कॅशपाशी जाऊन आली असं नोंदवायचं. सोय झाली खरी, पण ज्याच्या खिशात तुमचं नाणं आहे तो दिवसात चाळीस कॅशेस करतो तेव्हा तुमच्या नाण्याच्या पानावर चाळीस नोंदी चढतात आणि नाणं असतं त्याच्याच खिशात. दोन आठवड्यांत पुढे सोडावं, न जमल्यास मालकाला कळवावं, असा शिष्टाचार आहे. तो पाळणारे पाळतात.

भारतात ही अडचण जरा वेगळ्या वेषात येते. मुंबई-पुण्यात कॅशेस आहेत, पण विरळ. युरोपातून आलेला प्रवासी इथे टीबी सोडून जातो आणि मग ते उचलणारा महिनोन् महिने फिरकत नाही. स्टेशनात सतत 'बेवारस वस्तूला हात लावू नका' ही घोषणा ऐकत वाढलेल्या गर्दीसमोर खांबामागचा डबा चाचपडायचा, हेही सोपं नाही. हा धोका निव्वळ आपल्याकडचा नाही म्हणा. इंग्लंडमध्ये वेदरबी इथे २०११ साली एका कॅफेबाहेरची कॅश बॉम्ब समजून पथकाने उडवून दिली होती. ऐतिहासिक वा भूशास्त्रीय जागांवर अनेकदा डबा नसतोच, नुसती जागा पाहून उत्तर द्यायचं असतं. तिथे ट्रॅकेबल ठेवता येत नाही. ते फक्त नेऊन दाखवायचं आणि 'व्हिजिटेड' म्हणायचं.

आता मुख्य वाद. मेळाव्यांमध्ये नाण्यांची फाइल घेऊन बसण्याची पद्धत पडली. नोटांच्या अल्बमसारखे कप्पे, प्रत्येकात एक नाणं, टेबलाभोवती दहाजण वाकून कोड उतरवून घेत आहेत. नाणं तर कुठेच जाणार नाही, मालकाला ते सोडायचंच नाही. मग नोंद काय करायची? सुरुवातीला लोक ते 'उचललं' म्हणून टाकायचे आणि लगेच मालकाला परत करायचे, त्यात प्रवासाच्या नोंदींचा बट्ट्याबोळ व्हायचा. यावर तोडगा म्हणून 'डिस्कव्हर्ड' ही वेगळी नोंद आली: मी ही वस्तू पाहिली, हलवली नाही. निर्णय समंजस होता. त्या वेळी त्याला विरोध करणाऱ्यांना लोकांनी कर्मठ ठरवलं, पण पुढे काय होणार हे त्यांनाच दिसलं होतं, असं आता म्हणावं लागतं.

कारण 'पाहिली' याला पुरावा काय, तर तोच कोड. आणि कोड आता वस्तूपाशी राहिला नव्हता. गाडीच्या मागच्या काचेवर कोडचं स्टिकर आलं, टी-शर्टच्या पाठीवर आला, काहींनी तर दंडावर गोंदवून घेतला. रस्त्यात उभी गाडी पाहून कोड टिपणं यात निदान गाडीसमोर उभं राहावं लागतं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे मेळाव्याला जाताना आपल्या साठ-सत्तर ट्रॅकेबल्सचे कोड एका कागदावर छापून न्यायचे आणि भेटेल त्याला देत सुटायचं, वस्तू मात्र घरी. तिच्याही पुढची म्हणजे तो कागद स्कॅन होऊन परदेशातल्या कोणाच्या तरी हाती लागायचा. मग सांगलीतून निघून बर्लिनच्या डब्यात विसावलेल्या वस्तूच्या मालकाला एका रात्रीत ब्राझीलहून, फिनलंडहून 'पाहिलं, धन्यवाद' असे निरोप यायचे. वस्तू ज्या डब्यात आहे त्या डब्यात त्या रात्री कोणीही गेलेलं नसायचं.

नियम स्पष्ट आहेत: वस्तू प्रत्यक्ष पाहिलेली असावी, कोड जाहीर करू नयेत, खोटी नोंद मालकाने पुसावी. पण पुसायची कोणी? पन्नास नोंदी आल्या तर मालकाने एकेक उघडून तपासायची, आणि पुसलेल्या नोंदीवरून समोरचा रागावून मेल करणार, त्याला उत्तरही द्यायचं. बहुतेक जण कंटाळून सोडून देतात. बचाव करणारे म्हणतात की यात कोणाचं नुकसान काय? एखाद्याला आकडा वाढवण्यात आनंद असेल तर असू दे. हे म्हणणं मला पटत नाही. हरवलेल्या ट्रॅकेबलच्या मालकाला एकच आशा असते, कुठून तरी नवी नोंद येईल. खोट्या नोंदी ती आशाही नासवतात. शेवटची खरी नोंद कोणती हेच कळत नाही, त्यामुळे वस्तू शोधायची कुठे तेही कळत नाही.

यात पैशाची बाजू आहे, ती कमी बोलली जाते. पत्री विकत घ्यावी लागते. नाणी पाडणाऱ्यालाही कोडचे पैसे मोजावे लागतात. स्टिकरला, टी-शर्टला, घरून न हलणाऱ्या नाण्यालाही कोड लागतोच. म्हणजे वस्तू डब्यातून डब्यात गेली काय आणि फाइलच्या कप्प्यात राहिली काय, विक्री तीच. कोणी कट केला असं नाही, पण व्यवस्था कुठल्या बाजूला कलणार हे यातून ठरलं. पोलंडमध्ये २००७ साली सुरू झालेली जिओक्रेटी ही फुकट पर्यायी पद्धत याच कारणाने अनेकांना जवळची वाटली. तिथे लेबल आपणच छापायचं आणि कोणत्याही वस्तूला चिकटवायचं. गंमत म्हणजे 'नुसतं पाहिलं' या नोंदीची सोय त्यांनाही करावी लागली.

वादाचा सगळ्यात अवघड प्रसंग आणला अंतराळाने. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये एका अंतराळ पर्यटकाने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या एका लॉकरला कॅशचा दर्जा दिला. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेच्या वर्गाची पत्री घेऊन एक अंतराळवीर तिथे पोचला आणि नंतर ती पृथ्वीवर परत आली. हे जुन्या पठडीतलंच होतं: वस्तू गेली, हाताने नेली, हाताने आणली. मग १८ फेब्रुवारी २०२१ ला पर्सिव्हिअरन्स रोव्हर मंगळावर उतरला. त्याच्या एका उपकरणाची मापं अचूक येतात का ते पडताळण्यासाठी लावलेल्या तुकड्यांमध्ये अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाच्या काचेचं पॉलिकार्बोनेट आहे. पोशाखाचं साहित्य मंगळावर कसं टिकतं ते त्यावरून पाहायचं, आणि त्याच तुकड्यावर ट्रॅकेबलचा कोड कोरलेला आहे. रोव्हरच्या कॅमेऱ्याचे फोटो येतील, त्यांत कोड शोधा आणि 'डिस्कव्हर' करा, असं आवाहन खेळाच्या संकेतस्थळाकडून अधिकृतपणे केलं गेलं.

फोटोवरून नोंद करू नका असं ज्यांनी वर्षानुवर्षं बजावलं, त्यांनीच फोटोवरून नोंद करायला बोलावलं. कल्पना सुंदर होती, हे कबूल. शाळकरी पोरांनी नासाचे मूळ फोटो मोठे करकरून अक्षरं हुडकावीत, यापेक्षा चांगली जाहिरात विज्ञानाला मिळणार नाही. पण कोडांच्या यादीवरून नोंदी करणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. मंगळावरचं चालतं, तर म्युनिकमधलं का नाही? यावर दिलं जाणारं उत्तर, की तो अपवाद आहे, हे नियमाच्या दृष्टीने ठीक असेल. वादात ते टिकत नाही.

प्रत्यक्षात दोन प्रकारचे मालक तयार झाले आहेत आणि व्यवस्थेनेही ते मान्य केलं आहे. ट्रॅकेबलच्या पानावर ते 'संग्रहातलं' आहे अशी खूण करता येते, म्हणजे ते फिरणार नाही हे आधीच जाहीर. ज्यांना फिरवायचं आहे ते आता स्वस्तातली पत्री घेतात आणि तिला कोणाला मोह होणार नाही अशी वस्तू अडकवतात: प्लॅस्टिकचा डायनासोर, एकट्या पायातला बाळमोजा, भोक पाडलेलं झाकण. पत्रीची जोडीदार पत्री ड्रॉवरमध्ये असतेच. पहिली हरवली की तिलाच नवीन वस्तू लावून, त्याच नंबरावर, पुन्हा सोडता येतं.