आधी अँटेना, मग माईक
गाडीत सीबी रेडिओ, म्हणजे गाडीतून गाडीशी बोलायचा वायरलेस सेट, नव्याने बसवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

नवा सेट घेऊन गेलेला ग्राहक पंधरा दिवसांत परत आला, की तक्रार बहुतेक ठरलेली असते : "आम्हाला सगळ्यांचं ऐकू येतं, पण आमचं कुणाला जात नाही." सेट उघडण्याआधी आम्ही एवढंच विचारतो, "अँटेना मध्ये कधी काढला होता का?" मग आठवतं. घोडबंदर रोडवरची सोसायटी, बेसमेंटच्या तोंडाशी उंचीचा आडवा बार, अँटेना त्याला खटकतो. म्हणून रात्री काढून डिकीत ठेवला. सकाळी माळशेजला निघायची घाई, बाकीच्या गाड्या पुढे गेलेल्या. माईक उचलला आणि "हॅलो, हॅलो, कुठे पोचलात?"

तो सेट तिथेच जातो. सेटची ताकद अँटेनातून हवेत जायला हवी. अँटेनाच नसला तर ती उलटून आउटपुट ट्रान्झिस्टरवर येते, तो तापतो आणि जळतो. कधी दहा सेकंदांचं बोलणं पचतं, कधी नाही. काही सेटमध्ये यासाठी संरक्षण असतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका. ऐकण्याची बाजू वेगळी असल्यामुळे आवाज येत राहतो, दिवेही लागतात, आणि माणूस समोरच्याच्या सेटला दोष देत बसतो.

यावर आमच्या एका जुन्या ग्राहकाने काढलेला उपाय आम्ही आता सगळ्यांना सांगतो. अँटेना काढला की माईकची पिनही सेटमधून काढा आणि दोन्ही एकाच पिशवीत ठेवा. माईक शोधायला गेलात की अँटेना हाती लागतोच.

अँटेना असूनही सेटच्या लहरींना जुळलेला नसेल तर हेच नुकसान जरा सावकाश होतं. गेलेल्या ताकदीतली किती परत येते, हे एसडब्ल्यूआर मीटर दाखवतो. आकडा १.५ असेल तर सुमारे ४ टक्के परत येते, २ असेल तर ११ आणि ३ असेल तर २५ टक्के. दीडच्या आत आणल्याशिवाय आम्ही गाडी सोडत नाही. दोनपर्यंत चालतं म्हणणारे आहेत, त्यांच्याशी आमचं भांडण नाही. तिनाच्या वर मात्र माईकचं बटण दाबूच नये.

जुळवण्याची रीत सोपी आहे. चॅनल १ वर मोजायचं, मग चॅनल २७ वर. १ वर आकडा जास्त असेल तर अँटेना आखूड आहे, २७ वर जास्त असेल तर लांब. अँटेनाची काडी खालीवर सरकवायची, स्क्रू आवळायचा, परत मोजायचं. दारं आणि बॉनेट बंद हवं, आणि मोजताना अँटेनाजवळ कुणी उभं नको.

आता तुम्ही म्हणाल, डब्यात आलेला अँटेना कंपनीने जुळवलेला नसतो का? नसतो, कारण गाडीचा पत्रा हा अँटेनाचाच अर्धा भाग आहे. या लहरी साधारण ११ मीटर लांबीच्या, त्यांच्या चौथाईचा अँटेना पावणेतीन मीटरचा होतो. तेवढा लावून कुणी फिरत नाही, म्हणून आखूड काडीत कॉइल घालून भागवतात, आणि अशा काडीला तर खालच्या पत्र्याचा आधार आणखीच लागतो. टपाच्या मधोमध बसवला तर उत्तम. फायबरच्या टपाच्या जीपवर अँटेनाच्या बुडाचा मॅग्नेट धरतच नाही, मग लोक अँटेना टेपने चिकटवतात आणि रेंज नाही म्हणतात. तिथे बंपरला किंवा मागच्या दाराला पट्टी लावून पत्र्याशी नीट अर्थिंग द्यावं लागतं. म्हणून गाडीच इथे आणा. फोनवर गाडीचं नाव सांगून जुळवणी होत नाही.

न्हावा-शेव्याच्या ट्रेलरवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. तुमची गाडी २४ व्होल्टची, सेट १२ चा. वायरमन दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून वायर ओढून देतो आणि सेट छान चालतो. काही महिन्यांनी ती बॅटरी दुसरीच्या आधी बसते आणि दोष येतो सेटवर. २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लावा. अगदी स्वस्तातला मात्र नको, तो रेडिओत इतकी खरखर सोडतो की बोलणं ऐकू येत नाही. आम्ही ठेवतो तो थोडा महाग आहे, पण सेट चालू करून, कानाने तपासून ठेवलेला आहे.

आणि खरखर म्हणजे बिघाड नव्हे. स्क्वेल्चचं, म्हणजे खरखर दाबण्याचं, बटण आवाज थांबेपर्यंतच फिरवा. पूर्ण फिरवलंत तर खरखरीबरोबर लांबच्या गाडीचा आवाजही बंद होतो.

परवान्याचं रोज कुणीतरी विचारतं. २००५ च्या नियमांनुसार २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ५ वॅटपर्यंत वापराला परवाना लागत नाही, मात्र सेटला डब्ल्यूपीसीची, म्हणजे केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाची, मान्यता हवी. परदेशी सेटवर ४० चॅनल दिसतात. आपल्याकडे २७ पर्यंतच थांबायचं, कारण २८ वा चॅनल २७.२८५ वर आहे, म्हणजे हद्दीबाहेर. ताकद वाढवणारा बूस्टर आम्ही विकत नाही, बसवतही नाही. दुसरीकडे मिळतो हे ठाऊक आहे. पट्टा सगळ्यांचा सामाईक असल्याने "आमच्या चॅनलवर दुसरे बोलतात" या तक्रारीला कुठे दाद नाही, चॅनल बदला. कंटेनरचा नंबर, मालाची किंमत, थांबण्याची जागा हवेत बोलू नका, ऐकणारा कोण आहे ते कळत नाही.

किती लांब जाईल? मोकळ्या रस्त्यावर गाडी ते गाडी पाच-सात किलोमीटर धरा. घाटात वळणाआड, पारसिकच्या डोंगरापलीकडे किंवा बोगद्यात ही अपेक्षा ठेवू नका. आरशाच्या पट्टीवर लावलेल्या अँटेनाला मागचा कंटेनर अडवतो, त्यामुळे मागच्या गाडीला आवाज कमी जातो. कधीमधी भर दुपारी परकी बोली ऐकू येते. ती वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून हजारो किलोमीटर आलेली असते. मजा घ्या, सेट आणू नका.

जुळवणीचे पैसे आम्ही वेगळे घेतो आणि त्यावरून कुरकुर होते. या कामाला तासभर जातो, फायबरच्या टपाला दोन. ऑनलाइन घेतलेला सेटही त्याच दरात जुळवून देतो. जळलेला आउटपुट ट्रान्झिस्टर वॉरंटीत बसत नाही, हे बिलावर लिहिलेलं आहे. आमच्याकडून बसवून घेतलेल्यांना दिवाळीनंतर एक तपासणी फुकट. आपल्या खाडीकाठच्या हवेत पावसाळाभर पाणी पिऊन केबलचे प्लग हिरवे पडतात आणि मीटरवरचा जूनमधला दीडचा आकडा ऑक्टोबरात अडीच होतो.

तुर्भ्याला दुकानासमोर ट्रेलर उभा राहत नाही, मागच्या गल्लीत लावा. आणि येताना अँटेना आणा. मागच्या महिन्यात दोघे नुसता सेट घेऊन आले होते.